धन कार्य की ऋण कार्य: चिन्ह ठरवायचं तरी कसं?

'घर्षण बलाने केलेलं कार्य नेहमी ऋण असतं. चूक की बरोबर?' नववी ते बारावीच्या कुठल्याही वर्गात हा प्रश्न टाकला, तर बहुतेक हात 'बरोबर'साठी वर जातात. 'गुरुत्व बलाचं कार्य धन की ऋण?' असं विचारलं, तर वर्गात दोन तट पडतात आणि दोघांनाही आपलंच खरं वाटतं. दोन्ही प्रश्नांत गोम एकच आहे. कार्याचं चिन्ह कुठल्याही बलाला जन्मतः चिकटलेलं नसतं. एक बल आणि ते ज्या वस्तूवर लागतं त्या वस्तूचं विस्थापन, अशा जोडीचं ते चिन्ह असतं. जोडी बदलली की चिन्ह बदलू शकतं.

सूत्र सगळ्यांना पाठ असतं:

कार्य = बल × विस्थापन × कॉस (दोहोंमधला कोन)

बल न्यूटनमध्ये, विस्थापन मीटरमध्ये, कार्य ज्यूलमध्ये. गुण जातात ते सूत्र चुकल्यामुळे नव्हे, तर सूत्रात काय घालायचं ते चुकल्यामुळे. म्हणून या लेखात आकडेमोडीपेक्षा आकडेमोडीच्या आधीच्या तयारीवर जास्त वेळ घालवला आहे. तोंडी हिशोब सोपा जावा म्हणून पृथ्वीवरचं गुरुत्व त्वरण सगळीकडे १० मीटर प्रति सेकंद वर्ग धरलंय. वेगळं घेतलं तिथे तसं सांगितलं आहे.

पायरी १: प्रश्न पूर्ण वाक्यात लिहा

'कार्य किती झालं?' हा अर्धवट प्रश्न आहे. तो पूर्ण करायला तीन गाळलेल्या जागा भराव्या लागतात: कोणत्या बलाने, कोणत्या वस्तूवर, कुठून कुठपर्यंतच्या प्रवासात. 'दोराच्या ताणाने बादलीवर, पाण्यापासून काठापर्यंत केलेलं कार्य' हे पूर्ण वाक्य झालं. वहीत खरोखर असं वाक्य लिहा. कंटाळवाणं वाटतं, पण चिन्हाच्या निम्म्या चुका इथेच थांबतात.

विहिरीचंच उदाहरण पुढे नेऊ. भरलेली बादली १० किलोची, पाणी ८ मीटर खोल. बादली एकसारख्या वेगाने वर येत आहे. तिच्यावर दोन बलं: दोराचा ताण वर, १०० न्यूटन, वजन खाली, तेही १०० न्यूटन. बादलीचं विस्थापन वर ८ मीटर.

ताणाचं कार्य: १०० × ८ = +८०० ज्यूल.
गुरुत्व बलाचं कार्य: −८०० ज्यूल.
दोन्ही मिळून: शून्य.

आता तीच भरलेली बादली त्याच संथ वेगाने परत खाली सोडा. ताण अजूनही वरच आहे, वजन अजूनही खालीच आहे. बलांमध्ये काहीएक बदल नाही. बदललं ते विस्थापन. आता ताणाचं कार्य −८०० ज्यूल आणि गुरुत्व बलाचं +८०० ज्यूल. 'गुरुत्वाचं कार्य धन की ऋण?' या भांडणातले दोन्ही तट आपापल्या बादलीपुरते बरोबर होते.

इथे एक खोच आहे. दोर कप्पीवरून गेलेला असेल, तर माणूस दोर खाली ओढतो आणि बादली वर येते. मग 'बल खाली, विस्थापन वर, म्हणून कार्य ऋण' असं कुणीतरी हमखास लिहितं. पण हे बल एका वस्तूवरचं आणि विस्थापन दुसरीचं झालं. हाताचं बल दोराच्या हातातल्या टोकावर लागतं आणि ते टोक खालीच जातं, म्हणून हाताचं कार्य धन. दोराच्या दुसऱ्या टोकाचं बल बादलीवर वरच्या दिशेने लागतं आणि बादली वरच जाते, म्हणून तेही धन. बल ज्या वस्तूवर लागतं, विस्थापन त्याच वस्तूचं घ्यायचं. पहिल्या पायरीतली 'कोणत्या वस्तूवर' ही जागा रिकामी ठेवली की हा घोळ होतो.

पायरी २: बलांचे बाण काढा, विस्थापनाचा वेगळा काढा

वस्तूऐवजी एक ठिपका काढा. तिच्यावर लागणारं प्रत्येक बल ठिपक्यापासून बाहेर जाणाऱ्या बाणाने दाखवा: वजन, जमिनीचा आधार (पुस्तकात याला अभिलंब बल म्हणतात), दोराचा ताण, घर्षण, कुणी ढकलत असेल तर तो जोर. वस्तूने दुसऱ्यावर लावलेली बलं या चित्रात नकोत. विस्थापनाचा बाण वेगळ्या रंगाने काढा, कारण तो बल नाही. तो बलांच्या घोळक्यात मिसळला की 'गतीचं बल' नावाचं एक भूत चित्रात शिरतं आणि मग त्याचंही कार्य काढलं जातं.

पायरी ३: शेपटीला शेपटी जोडून कोन मोजा

कोन मोजताना दोन्ही बाण एकाच बिंदूतून निघायला हवेत. एका बाणाच्या टोकाला दुसऱ्याची शेपटी लावून मधला कोन मोजला, तर १५० अंशांच्या जागी ३० अंश मिळतात आणि ऋण उत्तर धन होऊन बसतं. आकृतीत बाण टोकाला शेपटी लावून दिले असतील, तर एक बाण सरकवून घ्या. बाण स्वतःला समांतर सरकवायला काही हरकत नसते.

मग तीनच शक्यता उरतात. कोन लघुकोन असेल तर कार्य धन. काटकोन असेल तर शून्य. विशालकोन असेल तर ऋण. चिन्ह सांगण्यासाठी कोसाइनचा तक्ता लागत नाही, कोन ९० अंशांच्या अलीकडे आहे की पलीकडे एवढं दिसलं की पुरे. आकडेमोड करण्याआधी प्रत्येक बलापुढे फक्त चिन्ह लिहून ठेवायची सवय लावा. नंतर गणिताने वेगळं चिन्ह दिलं तर चूक तिथल्या तिथे सापडते.

अक्ष कसे धरायचे, याची भीती बाळगू नका. 'वर' धन धरा किंवा 'खाली' धन धरा, कार्याचं चिन्ह तेच येतं. दिशा उलटी धरली तर बलाचं चिन्हही उलटतं आणि विस्थापनाचंही, गुणाकार जिथल्या तिथे राहतो. कार्य अदिश राशी आहे. −५० ज्यूल म्हणजे 'डावीकडे ५० ज्यूल' नव्हे.

अकरावी-बारावीत आणि एमएचटी-सीईटीत बल व विस्थापन घटकांत दिलेले असतात. तिथे कोन शोधत बसू नका. बलाचे घटक (३, −४) आणि विस्थापनाचे (−२, −५) असतील, तर कार्य = ३ × (−२) + (−४) × (−५) = −६ + २० = +१४ ज्यूल. एक घटक ऋण हातभार लावतो, दुसरा धन. शेवटचं चिन्ह बेरजेचं. 'दोन्हीकडे ऋण आकडे दिसतात म्हणजे कार्य ऋण' हा अंदाज इथे साफ फसतो.

पायरी ४: प्रत्येक बलाचा हिशोब स्वतंत्र मांडा, मग बेरीज करा

हे उदाहरण पूर्ण सोडवू, कारण यात चिन्हांइतकाच एक दुसरा सापळाही आहे.

४० किलोचं धान्याचं पोतं सपाट जमिनीवर स्थिर आहे. त्याला बांधलेला दोर जमिनीशी ३७ अंशांचा कोन करून १५० न्यूटन बलाने ओढला आणि पोतं ५ मीटर सरकलं. घर्षण गुणांक ०.३, म्हणजे घर्षण जमिनीच्या आधाराच्या ०.३ पट. (३७ अंशांचा कॉस सुमारे ०.८ आणि साइन सुमारे ०.६. परीक्षेत ३७ अंश इतके लाडके का, ते यावरून कळेल.)

बलं चार. चिन्हं आधी: दोर धन, घर्षण ऋण, वजन शून्य, आधार शून्य. आता आकडे.

दोराचं कार्य: १५० × ५ × ०.८ = +६०० ज्यूल.

घर्षणासाठी आधी जमिनीचा आधार हवा. पोत्याचं वजन ४०० न्यूटन, पण दोर तिरका असल्याने १५० × ०.६ = ९० न्यूटन एवढं वर उचलतोय. म्हणून आधार ४०० − ९० = ३१० न्यूटन. घर्षण ०.३ × ३१० = ९३ न्यूटन.

घर्षणाचं कार्य: −९३ × ५ = −४६५ ज्यूल.

वजन आणि आधार दोन्ही विस्थापनाला काटकोनात, म्हणून शून्य. एकूण कार्य: ६०० − ४६५ = +१३५ ज्यूल.

आता सापळा. आधार म्हणजे वजनच, असं समजून ४०० न्यूटन घेतले तर घर्षण १२० न्यूटन, त्याचं कार्य −६०० ज्यूल आणि एकूण बरोबर शून्य. म्हणजे स्थिर असलेलं पोतं ५ मीटर सरकून गेलं आणि तरी त्याच्या पदरात गती म्हणून काहीच पडलं नाही! उत्तर दिसायला नेटकं असल्याने विद्यार्थी त्याखाली खुशाल दुहेरी रेघ मारतात. ही चूक पकडण्याचं हत्यार पुढच्या पायरीत आहे.

पायरी ५: गतिज ऊर्जेशी ताळा जुळवा

वस्तूवरच्या सगळ्या बलांच्या कार्याची बेरीज म्हणजे तिच्या गतिज ऊर्जेतला (½ × वस्तुमान × वेग²) बदल. हे कार्य-ऊर्जा प्रमेय. वस्तूच्या नावाने गतिज ऊर्जेचं पासबुक उघडलं आहे असं समजा: धन कार्य जमेला, ऋण कार्य नावे, आणि शेवटची शिल्लक सुरुवातीच्या शिलकेपेक्षा जितकी वेगळी तितकं एकूण कार्य.

पोत्याच्या खात्यात +१३५ ज्यूल जमा झाले. ½ × ४० × वेग² = १३५, म्हणून वेग सुमारे २.६ मीटर प्रति सेकंद. पोतं स्थिर होतं, सरकायला लागलं, वेग आला. पटतं. चुकीच्या उत्तरात वेग शून्य येत होता, ते पटत नव्हतं.

या प्रमेयाचा मोठा उपयोग म्हणजे चिन्हाबद्दल शंका आली की वस्तूकडे बघायचं. एकच बल लागत असेल तर नियम अगदी सरळ आहे: वस्तूचा वेग वाढतोय तर त्याचं कार्य धन, घटतोय तर ऋण. बलं अनेक असतील तर हा नियम बेरजेला लागू होतो, एकेकट्या बलाला नाही. विहिरीतल्या बादलीचा वेग बदलला नाही, म्हणून बेरीज शून्य होती. ताण आणि वजन मात्र प्रत्येकी ८०० ज्यूलचं कार्य करतच होते.

घर्षण: नेहमीचा आरोपी

सुरुवातीचा प्रश्न आता सोडवता येतो. विमानतळावर सामानाचा पट्टा १ मीटर प्रति सेकंद वेगाने फिरत आहे. त्यावर १५ किलोची बॅग अलगद ठेवली. क्षणभर बॅग पट्ट्यावर घसरते, मग पट्ट्याच्या वेगाने जाऊ लागते. तिला हा वेग दिला कुणी? आडव्या दिशेने तिच्यावर घर्षणाशिवाय दुसरं बलच नाही. घर्षण पुढच्या दिशेने, विस्थापन पुढच्या दिशेने, कार्य धन. किती? बॅगेने मिळवलेली गतिज ऊर्जा: ½ × १५ × १² = +७.५ ज्यूल.

आणि पट्ट्यावर? बॅगेने पट्ट्यावर तेवढंच घर्षण मागच्या दिशेने लावलं. बॅग शून्यापासून वेग घेत असताना तिचा सरासरी वेग पट्ट्याच्या निम्मा होता, म्हणजे त्याच वेळात पट्टा बॅगेच्या दुप्पट अंतर गेला. म्हणून पट्ट्यावरचं घर्षणाचं कार्य −१५ ज्यूल. पट्ट्याची मोटर १५ ज्यूल पुरवते, बॅगेला ७.५ मिळतात, उरलेले ७.५ ज्यूल घासण्यात उष्णता होऊन जातात.

'घर्षण नेहमी ऋण' या समजुतीत जो खरा अंश आहे तो इथे सापडतो. घसरणाऱ्या दोन पृष्ठभागांवरच्या घर्षणाच्या कार्याची *बेरीज* नेहमी ऋण असते (इथे ७.५ − १५ = −७.५). एका वस्तूपुरतं बघितलं तर मात्र ते धनही असू शकतं. ट्रक सुटतो तेव्हा हौद्यातला खोका न घसरता ट्रकबरोबर पुढे जातो, तिथेही खोक्यावर घर्षणाचं कार्य धनच असतं. तिथे घसरणं नाही, म्हणून दोघांची बेरीज शून्य आणि उष्णताही नाही.

ट्रकमध्येच बसून खोक्याकडे बघणाऱ्याला मात्र खोका जागचा हललेलाच दिसत नाही. त्याच्या हिशोबी कार्य शून्य. विस्थापन कुणाच्या नजरेतून मोजलं यावर कार्य अवलंबून असतं. शालेय गणितांत, वेगळं सांगितलं नसेल तर, जमिनीवर उभं राहूनच मोजायचं.

अभिलंब बल: नेहमीचा निर्दोष

आधाराचं कार्य 'नेहमी शून्य' हीसुद्धा तशीच घोकलेली गोष्ट. ६० किलोचा माणूस लिफ्टमधून एकसारख्या वेगाने १० मीटर खाली जातो. लिफ्टची फरशी त्याला ६०० न्यूटन बलाने वर ढकलते, तो खाली जातो. फरशीचं त्याच्यावरचं कार्य −६,००० ज्यूल, गुरुत्वाचं +६,०००. जमीन स्थिर असते तेव्हा आधाराचं कार्य शून्य येतं. जमिनीच्या जागी लिफ्ट आली की उत्तर बदलतं.

डोक्यावर सामान घेतलेला हमाल

फलाटावरून सामान नेणाऱ्या हमालाने 'काहीच कार्य केलं नाही' असं पुस्तकी विधान ऐकून विद्यार्थी हसतात, आणि ते बरोबरच हसतात. कारण ते विधान अर्धंच आहे. तीन टप्पे करा. ३० किलोची ट्रंक जमिनीवरून डोक्यापर्यंत १.७ मीटर उचलली: हमालाचं कार्य +५१० ज्यूल. सपाट फलाटावर एकसारख्या वेगाने चालला: बल वर, विस्थापन आडवं, शून्य. (निघताना ट्रंकेला थोडं पुढे ढकलावं लागतं, थांबताना थोडं मागे, ती दोन कार्यं एकमेकांना खोडून टाकतात.) डब्यापाशी हळूच खाली ठेवली: हात वर तोलून धरतायत, ट्रंक खाली येतेय, −५१० ज्यूल. बेरीज शून्य.

मग तो का दमतो? कारण स्नायू हे ऋण कार्याची ऊर्जा परत साठवून ठेवणारं यंत्र नाही. ट्रंक खाली ठेवताना मिळालेले ५१० ज्यूल हमालाच्या पोटात भाकरी होऊन परतत नाहीत, त्यांची उष्णता होते. नुसती तोलून धरतानाही स्नायूंचे तंतू सतत आकुंचन पावत असतात आणि त्याला ऊर्जा लागते. आपण वर मोजलं ते ट्रंकेवरचं कार्य, हमालाच्या शरीराचा खर्च नव्हे. हमालीचा दर ज्यूलवर ठरत नाही, हे ठीकच आहे.

कॅच घेताना हात मागे का न्यायचा

ऋण कार्य म्हणजे काहीतरी वाया गेलं, असा एक सूर पाठ्यपुस्तकांतून नकळत लागतो. मला तो पटत नाही. थांबवणं हेही तितकंच महत्त्वाचं कार्य आहे.

१६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू २० मीटर प्रति सेकंद वेगाने सरळ वर गेला. गतिज ऊर्जा ½ × ०.१६ × ४०० = ३२ ज्यूल. हवेचा विरोध सोडला तर तो २० मीटर वर जाईल; चढताना गुरुत्व −३२ ज्यूल कार्य करतं, उतरताना +३२. जाऊन-येऊन शून्य, म्हणून तो हातात त्याच वेगाने येतो. आता हातांना −३२ ज्यूल कार्य करायचंय, त्याशिवाय चेंडू थांबणार नाही. हे −३२ ठरलेलेच आहेत, त्यात घासाघीस नाही. सूट आहे ती बल आणि अंतर कसं वाटून घ्यायचं याची. हात ताठ ठेवून २ सेंटिमीटरमध्ये थांबवला तर सरासरी बल ३२ ÷ ०.०२ = १,६०० न्यूटन. हात २० सेंटिमीटर मागे नेला तर १६० न्यूटन. कार्य तेच, बल दहावा हिस्सा. (थांबतानाच्या त्या थोड्या अंतरातलं गुरुत्वाचं कार्य इथे सोडून दिलंय, ते फारच किरकोळ आहे.)

भोर घाटातली गाडी

कर्जत ते लोणावळा हा रेल्वेचा घाट ऋण कार्य शिकायला फार चांगला. इथला तीव्र चढ ३७ मीटरला १ मीटर असा आहे. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना चढासाठी कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात. रेल्वेतली माणसं त्यांना 'बँकर' म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात, दोघांचंही गाडीवरचं कार्य धन. ओढणं-ढकलणं यावर चिन्ह ठरत नाही. गुरुत्वाचं कार्य मात्र पूर्ण चढभर ऋण.

आता उतार. समजा १,००० टनांची गाडी या उतारावरून एकसारख्या वेगाने १ किलोमीटर खाली आली. वजनाचा उताराच्या दिशेचा घटक काढताना इथे ९.८ घेऊ: १० लाख किलो × ९.८ ÷ ३७, म्हणजे सुमारे २ लाख ६५ हजार न्यूटन. एका किलोमीटरला गुरुत्वाचं कार्य सुमारे +२६.५ कोटी ज्यूल. वेग वाढलेला नाही, म्हणून ब्रेक आणि इतर विरोध मिळून −२६.५ कोटी ज्यूल झालेच पाहिजेत. विजेच्या भाषेत हे ७३ युनिटांहून जास्त, आणि तेही फक्त एका किलोमीटरचे.

ही ऊर्जा नुसत्या घासणाऱ्या ब्रेकवर सोपवली तर ब्रेक तापतात. म्हणून आधुनिक विद्युत इंजिनांत उतारावर मोटरी जनित्रासारख्या चालवतात आणि त्यातून निघालेली वीज वरच्या तारेत परत जाते. मुंबईच्या नव्या लोकलही ब्रेक लावताना हेच करतात. सगळीच्या सगळी ऊर्जा काही परत येत नाही, पण ऋण कार्य कुठे जिरवायचं हे अभियंत्याच्या हातात असतं, ते असं.

बारकाईने वाचणाऱ्यांसाठी: चाक घसरत नसेल तर रुळाला टेकलेला त्याचा बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, त्यामुळे रुळाच्या घर्षणाचं त्या बिंदूवरचं कार्य काटेकोरपणे शून्यच असतं. ऊर्जा जिरते ती ब्रेक आणि चाकामध्ये, किंवा मोटरीत. वरचा हिशोब गाडीला एकच ठिपका समजून केला आहे, आणि शाळेपुरता तो पुरेसा आहे.

स्प्रिंग, आणि बदलतं बल

बल वाटेत बदलत असेल तर सरळ गुणाकार चालत नाही. बल-विस्थापन आलेखाखालचं क्षेत्रफळ घ्यायचं. वस्तू धन दिशेने सरकत असेल तर अक्षाच्या वरचं धन, खालचं ऋण; उलट दिशेने परतताना चिन्हं उलटतात. स्प्रिंगबाबत एवढं लक्षात असू द्या की स्प्रिंग नेहमी आपल्या मूळ लांबीकडे ओढ घेते. म्हणून मूळ लांबीपासून ताणतानाही तिचं कार्य ऋण आणि दाबतानाही ऋणच. परतताना दोन्हीकडून धन. स्थिरांक २०० न्यूटन प्रति मीटर असलेली स्प्रिंग १० सेंटिमीटर ताणली तर तिचं कार्य −½ × २०० × ०.०१ = −१ ज्यूल, आणि सोडल्यावर मूळ लांबीपर्यंत +१ ज्यूल.

चंद्रावर उतरणारं इंजिन

इंजिन म्हटलं की धन कार्य, असं मनात बसलेलं असतं. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चं लँडर उतरलं तेव्हाचा हिशोब मांडून बघा. उतरण्याची सुरुवात साधारण ३० किलोमीटर उंचीवरून आणि सुमारे १.६८ किलोमीटर प्रति सेकंद या आडव्या वेगाने झाली. इंधन जळत असल्याने वस्तुमान बदलत जातं, म्हणून हिशोब दर किलोमागे करू.

सुरुवातीची गतिज ऊर्जा: ½ × १,६८०² म्हणजे किलोमागे सुमारे १४.१ लाख ज्यूल. खाली येताना चंद्राचं गुरुत्व (१.६२ मीटर प्रति सेकंद वर्ग) आणखी १.६२ × ३०,००० म्हणजे जवळपास ४९ हजार ज्यूल धन कार्य करणार. टेकताना वेग जवळजवळ शून्य हवा. तेव्हा इंजिनांच्या रेट्याला किलोमागे सुमारे −१४.६ लाख ज्यूल कार्य करावं लागलं. त्या उतरण्यात इंजिनांचं एकूण कार्य ऋण होतं, आणि त्यातला फार मोठा वाटा आडवा वेग मारण्याचा होता, पडणं अडवण्याचा नव्हे.

स्वतः करून बघा

आधी फक्त चिन्हं लिहा, मग आकडे.

१. २ किलोचं पुस्तक १.५ मीटर उंच फळीवरून उचलून अलगद जमिनीवर ठेवलं. हाताचं कार्य?
२. दोरीला बांधलेला दगड आडव्या वर्तुळात एकसारख्या वेगाने फिरतोय. अर्ध्या फेरीत दोरीच्या ताणाचं कार्य?
३. ५ किलोचा ठोकळा ३ मीटर उंचीच्या घसरगुंडीवरून स्थिर अवस्थेतून सुटला आणि तळाशी ६ मीटर प्रति सेकंद वेगाने पोचला. घर्षणाचं कार्य?
४. पृथ्वीभोवती लंबवर्तुळाकार कक्षेत फिरणारा उपग्रह पृथ्वीपासून दूर जातोय. गुरुत्वाचं कार्य धन, ऋण की शून्य?
५. मुलगा भिंतीला १० मिनिटं २०० न्यूटन बलाने ढकलतोय, भिंत हलत नाही. त्याचं भिंतीवरचं कार्य?

उत्तरं: (१) −३० ज्यूल, उचलणं-ठेवणं या शब्दांकडे बघू नका, पुस्तक शेवटी दीड मीटर खाली आलं आणि सुरुवातीला-शेवटी ते स्थिरच होतं. (२) शून्य, ताण क्षणोक्षणी गतीला काटकोनात असतो. इथे अर्ध्या फेरीचं सरळ विस्थापन घेऊन ताणाशी कोन मोजायला जाऊ नका, ताणाची दिशा सतत बदलतेय. (३) गुरुत्वाचं +१५० ज्यूल, गतिज ऊर्जा ९० ज्यूल, म्हणून घर्षणाचं −६० ज्यूल. कोन, गुणांक, घसरगुंडीची लांबी काहीच लागलं नाही. (४) ऋण, म्हणूनच दूर जाताना त्याचा वेग मंदावतो, आणि जवळ येताना कार्य धन होऊन तो वेग परत मिळतो. (५) शून्य, १० मिनिटं हा आकडा फसवण्यासाठी दिलेला आहे, कार्याच्या सूत्रात वेळ येतच नाही.